उपकारस्तुती

शुक्रवारची पहिली पाळी संपवून शमुवेल बोरकर भंडाऱ्याच्या बसस्थानकावरून घरी निघाला होता. चर्चच्या फाटकाशी सायकल रोजच्यासारखी आपोआप हळू झाली आणि फाटकाला टांगलेल्या फळ्यावर त्याला स्वतःचं नाव दिसलं. ‘रविवार सकाळी साडेनऊ. कापणीचा सण. साक्ष आणि उपकारस्तुती : श्री. शमुवेल बोरकर व परिवार.’ अक्षर पाळकसाहेबांचं, वळणदार, खाली रेषा मारलेलं. त्याने ते एकदा वाचलं, मग दुसऱ्या कुणाचं नाव वाचावं तसं पुन्हा वाचलं. तोंडात एकदम पितळेची चव आली. नोव्हेंबर संपत आला होता, उन्हात काही ताप नव्हता, तरी मानेवरून घामाची धार शर्टात उतरली. शेजारच्या पानठेल्यावरून कुणीतरी विचारलं, “शामभाऊ, पोरगी बरी आहे ना आता?” तो म्हणाला, “हो, देवाची कृपा.” गेले तीन आठवडे हे उत्तर तो इतक्यांदा देत आला होता की तो स्थानकावर माइकवरून करी त्या घोषणेसारखं ते निघे, मोहाडीमार्गे तुमसर जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर, देवाची कृपा. आज मात्र बोलून झाल्यावरही ते शब्द तोंडातच राहिले, चिंचोका राहावा तसे. ना गिळता येत, ना थुंकता. घरापर्यंत त्याला सायकल हातात धरून चालत जावं लागलं.

ती दुपार त्याला आठवावी लागत नसे. ती असायचीच, माइकचं बटण दाबताना, पोळीचा तुकडा मोडताना, चप्पल शोधताना. प्रतिक्षा त्याची एकुलती एक. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी जन्मलेली, आता अठराची. दिवाळीनंतर ती मामाकडे गेली होती, करडीच्या पुढच्या एका खेड्यात. धान कापून झालं होतं, पेंढ्यांचे ढीग, पुंजणे, रचायचं काम चालू होतं. हौसेने तीही कामाला लागली, पेंढीखाली हात घातला आणि नाग चावला. मामाने तिला मोटरसायकलवर मधे बसवून वाटेवरच्या लहानशा दवाखान्यात आणलं. तीन खोल्या, एक व्हरांडा, एक तरुण डॉक्टर. शमुवेल आणि त्याची बायको रत्नमाला भंडाऱ्याहून पोचली तेव्हा पोरीच्या पापण्या मिटलेल्या होत्या. झोपेने नव्हत्या मिटल्या, जड होऊन पडल्या होत्या. आईचा हात लागताच तिने काही बोलायचा यत्न केला, पण जीभ वळेना, नुसता ओला आवाज आला. सर्पदंशावरच्या औषधाच्या दहा कुप्या सलाईनमधून गेल्या होत्या. “आणखी दहा आहेत कपाटात,” डॉक्टरांनी धीर द्यायला आपणहून सांगितलं. “पापणी उचलते का, थोडा वेळ पाहू. नाही उचलली तर त्याही देऊ. घाबरू नका.” रत्नमाला पोरीच्या उशाशी बसली. शमुवेल व्हरांड्यात आला. आत उभं राहून प्रार्थना जमत नव्हती. सगळं लक्ष त्या पापण्यांकडे जायचं.

तेवढ्यात फाटकातून जीप आत आली. मागच्या फळीवर एका बाईला आडवं धरून दोघंतिघं बसले होते. पोटरीवर लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली. उतरवताना तिची मान मागे पडली आणि तोंडातून लाळेची तार लोंबली. त्याला कुणी काही सांगायची गरजच नव्हती. त्या क्षणी त्याच्या आत जे बोललं ते त्याने बोलावलेलं नव्हतं. पण आवाज त्याचाच होता, माइकवरचा, स्पष्ट : प्रभू, ह्यांना दुसरीकडे ने. डॉक्टर गडबड ऐकून दाराशी आले, तेव्हा तो त्यांच्या आणि त्या बाईच्या मधे उभा राहिला. त्याने डॉक्टरांचं मनगट धरलं. “साहेब, माझ्या पोरीचं आधी. बाकीच्या कुप्या आत्ता लावा. आत्ता.” डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, आत जाऊन पोरीच्या पापण्या वर करून पाहिल्या, श्वास मोजला आणि कपाट उघडलं. मग बाहेर येऊन त्या बाईला हाताशी होतं ते दुसरंच इंजेक्शन दिलं आणि तिच्या माणसांना म्हणाले, “इथलं औषध संपलं. भंडाऱ्याला न्या. थांबू नका.” जीप वळली. मागे बसलेला तिचा नवरा, तिचं डोकं मांडीवर धरलेला, व्हरांड्याकडे पाहत होता. बहुधा काहीच न दिसता. आणि जीप फाटकाबाहेर गेली तसे शमुवेलचे हात जुळले आणि तो म्हणाला, अगदी ओठ हलवून म्हणाला, “प्रभू, तुझे आभार.”

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिक्षाने डोळे उघडून पाणी मागितलं. त्याच सकाळी व्हरांडा झाडणाऱ्या बाईने सांगितलं, काल आलेली करडीची रुखमिणी कारधाच्या पुलाच्या अलीकडेच गेली. कवडूची बायको. लहान पोरगी आहे म्हणे. झाडता झाडताच सांगितलं तिने, आणि त्याच्या पायांपाशी येऊन म्हणाली, “पाय उचला जी.” त्याने पाय उचलले. निघताना त्याने डॉक्टरांना गाठून विचारलं, साहेब, त्या कुप्या त्या बाईला दिल्या असत्या तर? डॉक्टर जागून लाल झालेल्या डोळ्यांनी म्हणाले, “तुमची मुलगी गेली असती कदाचित. किंवा नसती. मी तपासून दिलं, तुम्ही म्हणालात म्हणून नाही दिलं. विचार करू नका.” डॉक्टरांनी केलं ते बरोबरच असेल. पण त्याने मागितलं होतं ते वेगळं होतं. त्याने औषध नव्हतं मागितलं. एक माणूस नजरेआड कर, असं मागितलं होतं, आणि ते तसंच्या तसं झालं होतं. आता रविवारी माइकपाशी जाऊन सगळ्यांदेखत देवाचे आभार मानायचे, उपकारस्तुती करायची. पण ती तर त्याने तेव्हाच केली होती, व्हरांड्यात, जीपचा धुरळा खाली बसायच्या आत. पुन्हा करायची म्हणजे तीच पुन्हा करायची.

घरी अंगणात रत्नमाला सुपात नवे तांदूळ पाखडत बसली होती. शेजारी मोठा भोपळा, चवळीच्या शेंगा, केळ्याचा फणा आणि रंगीत कागद लावलेली टोपली. घरात प्रतिक्षा रविवारी म्हणायच्या गीताची एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होती. शब्दांत ‘कृपा’ आली की सूर किंचित वर चढत होता.

“बोर्ड पाहिला?” रत्नमालाने मान वर न करता विचारलं. तिच्या आवाजात गेल्या तीन आठवड्यांत एक तारुण्य आलं होतं. “काय बोलान ते लिहून घ्या जी. रोज माइकवर बोलता खरं, पण तिथं तं नुसत्या गाड्याच सांगता.”

प्रतिक्षा हसत दारात आली. हाताच्या पंजाला अजून पट्टी होती. “बाबा, हे तांदूळ त्याच पुंजण्याचे आहेत. आईनं मामाले सांगून मुद्दाम त्यातलेच आणवले. साप निघाला होता ना, तेच.”

“सैतानाच्या नाकावर टिच्चून नेऊन ठेवीन वेदीपाशी,” रत्नमाला म्हणाली.

तो खाटेच्या काठावर टेकला. “रत्ना, त्या दिवशी तिथं आणखी एक बाई आली होती.”

“कोन?”

“सापाचीच. तिले पुढं पाठवलं.”

“असन,” ती म्हणाली. सूप तिच्या हातात उडत राहिलं, कोंडा एका बाजूने जात राहिला. “तुम्ही आता तेच ते काहून आठवून राहिले? पोरगी समोर उभी आहे, तिच्याकडं पाहा.”

त्याने पाहिलं. तिच्या कपाळावर बारीक घाम होता, केसांची बट चिकटली होती, गळ्याशी शीर उडत होती. त्या शिरेतून काय वाहतं आहे, हे त्याला माहीत होतं. ती अशी जिवंत उभी असताना तिच्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखं त्याला दिसे, मान मागे पडलेलं. ते पोरीला दिसू नये म्हणून तो गेले तीन आठवडे तिच्या डोळ्यांत पाहतच नव्हता. तिला वाटत होतं, बाबा अजून घाबरलेले आहेत. काल तिने त्याचा हात धरून ‘मी बरी आहे ना बाबा’ असं म्हटलं होतं, आणि त्याने हात सोडवून घेतला होता. आता हेच घरभर पसरणार, असं त्याला वाटलं. पोरगी वाचली, आणि तिच्याकडे पाहता येत नाही.

त्याला लहानपणचं काहीबाही आठवू लागलं, जे इतकी वर्षं आठवायचं कारण पडलं नव्हतं. शहापूरला रविवारच्या शाळेत वचनं पाठ म्हणायची स्पर्धा होती. त्याची सगळी पाठ होती, पण उषा नावाच्या एका मुलीचीही होती. तो गुडघे टेकून म्हणाला होता, प्रभू, उषाला मधेच विसरू दे. उषा मधेच विसरली. खांबाला धरून उभी राहिली, ओठ हलले, पुढचं आलं नाही, आणि ती फ्रॉकचा घेर मुठीत धरून रडली. बक्षीस त्याला मिळालं. आईने ते देवळीत ठेवून हात जोडले. पुढे नोकरीच्या मुलाखतीला गेला तेव्हा बाकावर बसलेल्या बाकीच्या पोरांकडे पाहत त्याने काय मागितलं होतं? शब्द आठवत नव्हते. आठवायची भीती वाटत होती. आपण जे जे मागितलं त्याच्या पलीकडच्या बाजूला दरवेळी एक माणूस उभा होता. आपण त्याला कधी पाहिलं नाही, कारण आपले डोळे मिटलेले असायचे. ह्या वेळेस फक्त उघडे होते.

शनिवारी संध्याकाळी तो चर्चमध्ये गेला. पाळकसाहेब सोनेकर स्टुलावर चढून वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस बांधत होते. साठीचा माणूस, धोतर नेसणारा शेवटचा पाळक असं लोक त्यांना गमतीने म्हणत. शमुवेलने खाली उभं राहून सुतळी पुरवता पुरवता सगळं सांगितलं. मनातली प्रार्थनाही सांगितली. आभारही. पाळकसाहेब खाली उतरले आणि पहिल्या बाकावर बसले.

“देव एकाला वाचवायला दुसऱ्याला मारत नाही, शमुवेल.”

“पण मी तेच मागितलं होतं साहेब.”

“मागितलंस म्हणून ती गेली असं नाही. तू एवढा मोठा नाहीस.”

“मंग आभार कायचे मानू? मागितलं ते दिलं म्हणून आभार मानायचे, आन् मागितलं ते देवानं केलंच नाही असंही म्हणायचं. दोनपैकी एक सांगा मले.” त्याचा आवाज रिकाम्या चर्चमध्ये मोठा झाला आणि त्यालाच लाज वाटली. “उद्या मी म्हणीन, माझ्या घरावर कृपा झाली. मंग तिच्या घरावर काय झालं ते?”

पाळकसाहेब सुतळीचं टोक पिळत होते. “मला सांगता येत नाही,” ते म्हणाले. “चाळीस वर्षं मी हे शिकवतो. कृपा कमावता येत नाही, तिची परतफेड नसते, माणूस फक्त आभार मानतो आणि देतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.” मग हळूच म्हणाले, “पण उद्या उभा राहा. लोक तुझ्या पोरीसाठी गुडघे टेकून रडलेत. त्यांचा आनंद हिरावू नकोस.” बाहेर पडताना शमुवेलला वाटलं, ह्या माणसाने खोटं काही सांगितलं असतं तर बरं झालं असतं. निदान त्याला धरून राहता आलं असतं.

रविवारी सकाळी त्याने पांढरा शर्ट घातला. “स्थानकावर एक सही करून सरळ तिकडेच येतो,” असं त्याने रत्नमालाला सांगितलं, आणि सांगताना ते खोटं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. रत्नमाला आणि प्रतिक्षा टोपली घेऊन ऑटोत बसल्या. तो स्थानकात शिरला, सवयीने फलाटांकडे पाहिलं. करडीची गाडी लागलेली होती. बाहेरच्या ठेल्यावरून त्याने सफरचंदं घेतली. दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना घेतात तशी. का घेतली ते त्याला कळलं नाही. आणि तो गाडीत चढला. वाहक धम्मदीप ओळखीचा. “साहेब, आज इकडं कुठं? चर्चात नाही गेले?” “करडीले काम आहे.” “सांगून ठेवलं असतं तं पुढची सीट धरली असती,” धम्मदीप म्हणाला आणि तिकिटं फाडत मागे गेला. स्थानकावरून त्याच्याच जागी बसलेल्या दुसऱ्या कुणाचा तरी आवाज करडीच्या गाडीची घोषणा करत होता. तो आवाज आपला नाही याचं त्याला बरं वाटलं. कारधाच्या पुलावर गाडी आली तेव्हा त्याने खिडकीची काच लावून घेतली. पुलाच्या पलीकडचा रस्ता तो दोन्ही बाजूंनी पाहत राहिला. कुठे? ह्या बाभळीपाशी? ह्या दगडापाशी? रस्त्यावर कुठेच काही नव्हतं. शेतातल्या रिकाम्या बांध्या, उभे पुंजणे, धानाच्या खुंटांवर बसलेले बगळे.

करडीला उतरून तो कवडूचं घर विचारत गेला. कौलारू, पुढे सारवलेलं अंगण. अंगणात एक पस्तिशीचा माणूस सहासात वर्षांच्या मुलीला दोन पायांत धरून तिची वेणी घालायचा खटाटोप करत होता. पेड हातात मावत नव्हते, निसटत होते, आणि मुलगी काही न बोलता मान ताठ धरून बसली होती. शमुवेलने त्याला ओळखलं. त्याने शमुवेलला ओळखलं नाही.

“पंचायत समितीतून आले का?” कवडूने विचारलं. “मदतीचे कागदं सगळे देले होते जी मी.”

“नाही. मी भंडाऱ्याचा. एस.टी.त आहो.”

आतून म्हातारी बाहेर आली. कवडूची आई, मनकर्णाबाई. काळी, उंच, पाठीत किंचित वाकलेली. तिने पिशवीकडे पाहिलं. “फळं कायले आनली? ती बिमार नाही, मेली.”

त्याने पिशवी मागे घेतली, मग कुठे ठेवावी ते न कळून पायाशी ठेवली. मुलीला कवडूने अर्ध्या वेणीने शेजारी पाठवलं. तांब्यातून पाणी आलं. ते हातात घेऊन, न पिता, त्याने सांगितलं. बसमध्ये जुळवलेलं काही उपयोगी पडलं नाही. शब्द घोषणेसारखेच निघाले, एकामागून एक, सपाट. त्या दवाखान्यात आधीपासून माझी पोरगी होती. तिलेही नागच चावला होता. आणखी दहा कुप्या कपाटात होत्या. तुमची जीप आली ते मी पाहिलं. मी डॉक्टरचा हात धरला. मी देवाले म्हटलं, ह्यांना दुसरीकडे ने. तुम्ही गेल्यावर मी आभार मानले.

अंगणात कोंबडी माती उकरत होती, तिचा आवाज ऐकू येत होता. कवडू हातातल्या फणीकडे पाहत होता. फणीत मुलीचे लांब केस गुंतलेले होते. ते एकेक काढत तो म्हणाला, “वाचली का? पोरगी.”

“वाचली.”

“केवढी?”

“अठरा.”

कवडूने मान हलवली. “तुमच्या जागी मी असतो तं मीही तेच केलं असतं, असं म्हनाले पायजे मी. लोक म्हनतात तसं.” केसांची गुंडाळी करून त्याने भिंतीच्या कपारीत खोचली. “पन नाही म्हनता येत जी मले.”

म्हातारी इतका वेळ उभी होती. ती एक पाऊल पुढे आली आणि शमुवेलला वाटलं, ही आता मारणार. आणि मारलं तर बरं, असंही वाटलं.

“आतापर्यंत आम्ही म्हनत होतो, औषधच नव्हतं,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “नव्हतंच तं काय करन मानूस. तिचं तेवढंच होतं म्हनून आम्ही गप झालो. रात्री झोप लागाले लागली होती ह्याले. आन् आता तू येऊन सांगतोस का, होतं. कपाटात होतं. आता मी कोनाले शिव्या देऊ, तुले? तुया पोरीले? ते पोरगी जित्ती हाय, तिनं काय केलं? तुयं वझं हलकं कराले आला तू इथं, आन् आमच्या डोक्यावर ठेवून चालला.”

हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण द्यायला आलो आहोत, असं त्याला वाटत होतं; निदान खरं तरी देऊ. आणि ते खरं सांगणं म्हणजे ह्या घरात उरलेली शेवटची वस्तू, ‘तिचं तेवढंच होतं’ हे समाधान, उचलून नेणं होतं. दवाखान्यात एकदा नेलं, आता पुन्हा. त्याने पायाशी पाहिलं. पिशवी कलंडून एक सफरचंद अंगणात घरंगळत गेलं होतं, कोंबडी त्याला टोच मारून पाहत होती. म्हातारी आत निघून गेली.

खिशातला फोन थरथरला. रत्नमाला. त्याने वाजू दिला. पुन्हा थरथरला तेव्हा नाव प्रतिक्षाचं होतं, आणि ते त्याच्याने टाळवलं नाही.

“बाबा, कुठं आहात? पाळकसाहेबांनी दोनदा नाव घेतलं. सगळे मागं वळून पाहून राहिले. आई रडून राहिली.” मागे पेटीचा सूर ऐकू येत होता, कुणीतरी वेळ काढायला वाजवत असावं.

“मी करडीले आहो.”

“करडीले? काहून?”

“आल्यावर सांगतो. तुले सगळं सांगीन, प्रतिक्षा. तू गाणं म्हण.”

“बाबा, त्या बाईच्या घरी गेले का?” तिने हळूच विचारलं. “मले ऐकू येत होतं त्या दिवशी. डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत होतं सगळं.” आणि फोन ठेवला गेला. तिने ठेवला की तुटला, ते त्याला कळलं नाही. तो फोन कानाशी तसाच धरून बसला. तीन आठवडे पोरगी तेच घेऊन घरात वावरत होती, गीताची ती ओळ म्हणत होती, आणि आपण तिच्यापासून लपवत होतो. गुरुवारी तिने हात धरला होता तो धीर द्यायला नव्हे, मागायला. आणि आपण सोडवून घेतला. अंगण, कौलं, कवडूची खाली घातलेली मान, सगळं पाण्यातून पाहावं तसं हललं. त्याने तोंडावर हात दाबला, पण आवाज निघालाच, ओंगळ, गुरासारखा. कवडू उठून दोन पावलं दूर जाऊन उभा राहिला, पाठ करून.

किती वेळ गेला कोण जाणे. म्हातारी दारात आली. “हात धुवा,” ती म्हणाली. दोघांनाही.

“नाही माय, मी जातो. गाडी—”

“गाडी तीनले हाय. मले माहीत नाही का.” तिने ओसरीवर दोन पाट टाकले, दोन ताटं ठेवली. “मी तुले माफ केलं असं समजू नको. मले माफ कराले येत नाही. जेवनाच्या वक्ताले आला, म्हनून वाढलं.”

तो पाटावर बसला. भात होता, नव्या धानाचा, ओलसर, वाफ निघणारा. बाजूला लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी. त्या वासाने त्याला कडकडून भूक लागली. सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं आणि शरीराला कशाचीच लाज नव्हती. सवयीने त्याचे हात जुळले, डोळे मिटले गेले, आणि तिथेच तो अडकला. जुळलेले हात सुटेनात.

“काय झालं?” म्हातारीने विचारलं.

“आमच्यात जेवणाआधी आभार मानतात.”

“कोनाचे?”

“देवाचे. आन् ज्यानं दिलं त्याचे.”

ती पळी हातात घेऊन उभी राहिली. “हे धान तिच्या हातचं कापलेलं हाय,” ती म्हणाली. “खालच्या बांधीतलं. वरच्या बांधीत शिरली आन् तिथं...” ते वाक्य तिने सोडून दिलं. “मंग मान ना आभार. तिचं नाव घेऊन मान. मोठ्यानं म्हन, मले कमी आयकू येते.”

त्याने डोळे उघडले. इतकी वर्षं मिटून म्हटलं होतं. भाताची वाफ त्याच्या तोंडावर येत होती. ताटाच्या काठावर एक शीत वेगळं पडलं होतं. समोर कवडू हात मांडीवर ठेवून थांबला होता. अठरा वर्षं फलाटभर घुमणारा त्याचा आवाज निघाला तो एवढासा, फाटका. “प्रभू,” तो म्हणाला, “हे अन्न रुखमिणीनं कापलं. तिच्या सासूनं रांधलं. ते मले वाढलं.” पुढचे दोन शब्द येईनात. त्यांना तोंडात यायला वाटच नव्हती; तीन आठवड्यांपूर्वी ते त्याच तोंडातून गेले होते आणि जाताना सगळं नासवून गेले होते. म्हातारी थांबली होती. कवडू थांबला होता. कोणी घाई केली नाही. भात निवत होता.

“तुझे आभार,” तो म्हणाला.

“झालं?”

“झालं.”

“खा मंग.”

त्याने घास घेतला. घास खाली उतरेना. त्याने दुसरा घास कालवायला घेतला तेव्हा भात ताटातच सांडत होता. कवडू खाली पाहत आपलं जेवत होता.

“वरण घे,” म्हातारी म्हणाली. “कोरडं नाही उतरत ते.”

त्याने ताट पुढे केलं.